छोट्या शेफला खरं काम द्या!

आठवडाभर डेडलाइन्स, मीटिंग्ज, ट्रॅफिक... आणि घरी पोहोचेस्तोवर वाजलेले आठ. मग एक तर कुकर लावा, नाहीतर अ‍ॅप उघडा. या सगळ्या धावपळीत घरातल्या चिल्लर पार्टीला स्वयंपाकघरातून ऐकू येणारं वाक्य एकच - “बाहेर जा बघू, इथे लुडबुड नको!”

आणि गंमत बघा, त्याच मुलाला शनिवारी आपण पैसे भरून कुठल्यातरी ‘ज्युनियर शेफ’ वर्कशॉपला नेतो. तिथे त्याच्या डोक्यावर कागदी टोपी, समोर आधीच भाजून ठेवलेला कपकेक आणि हातात क्रीमची पिशवी. त्यानं करायचं काय, तर वरून रंगीत गोळ्या पेरायच्या. फोटो निघतात, फॅमिली ग्रुपवर जातात, आजी-आजोबांचे अंगठे येतात. सोमवारी मूल पुन्हा ओट्यापाशी घुटमळतं, पुन्हा तेच - “बाहेर जा बघू!”

मुलांबरोबर कुकिंग म्हटलं की आपल्या डोक्यात आधी येतं ते ‘फन’. सँडविचवर टोमॅटोचे डोळे, काकडीचा साप, गाजराची फुलं. दिसायला मस्त! पण नीट पाहिलंत तर त्यात राबते आई, आणि मूल फक्त बघतं. मुलाला हवं असतं नेमकं उलटं. मोठी माणसं जे करतात ते त्याला करायचं असतं. खरी कणीक, खरं लाटणं आणि आपण केलेलं घरातल्या सगळ्यांनी खरोखर खाणं. मजा वरून पेरावी लागतच नाही हो. ती कामातच असते. म्हणून या आठवड्याचा आपला मंत्र साधा आहे - मुलांना खेळ नको, काम द्या!

भातुकलीच्या पुढे

आपल्याकडे मुलांचा पहिला स्वयंपाक भातुकलीत होतो. चिमुकली चूल, चिमुकला बंब, चुरमुऱ्यांचा भात आणि दाण्या-गुळाचा लाडू. सुंदर खेळ आहे, वाद नाही. पण खेळता खेळता कधीतरी प्रत्येक मूल उठून खऱ्या स्वयंपाकघरात येतं आणि म्हणतं, “मी करू?” तो क्षण महत्त्वाचा.

हा क्षण ओळखणाऱ्यांत एक मोठं नाव मारिया माँटेसरी. १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं ‘बालघर’ सुरू केलं. तिथे मुलं झाडायची, धुवायची, टेबल मांडायची, वाढायची. छान छान खेळणी ठेवली होती तरी मुलं त्यांच्याकडे फारशी वळत नाहीत, खरी कामं मात्र जीव लावून करतात, हे माँटेसरीबाईंनी टिपून ठेवलं. पाणी ओतणं, पुसणं, निवडणं, सोलणं ही कामं त्यांच्या शिक्षणपद्धतीत मानाच्या जागी आली ती अशी. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला.

महाराष्ट्रात हा विचार रुजवला तो ताराबाई मोडकांनी. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबतीला अनुताई वाघ होत्या. महागडी साधनं परवडणार नाहीत, मग आजूबाजूला जे मिळेल त्यातून साधनं करायची, ही त्यांची दृष्टी. म्हणजे बघा, आपण ज्या प्री-स्कूलची भरमसाट फी भरतो, तिथे मुलांना एका वाटीतले राजमे दुसऱ्या वाटीत चमच्याने घालायला देतात. तेच राजमे आपल्या घरी रात्री भिजत घालायचे असतात! फरक इतकाच, की शाळेतले राजमे पुन्हा बरणीत जातात आणि घरचे दुसऱ्या दिवशी भातावर येतात. मुलाला कुठले जास्त आवडतील?

पण खाणार का?

प्रत्येक आईबाबांचा हा खरा प्रश्न. भाजी पानात पडली की नाक मुरडणारं मूल, भाजी चिरायला घेतलं की खाऊ लागेल का?

याचं उत्तर शोधणारा एक छोटा प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा ते दहा वर्षांची ४७ मुलं. काहींनी पालकांबरोबर जेवण बनवलं, बाकीच्यांसाठी ते पालकांनी एकट्यानं बनवलं. ज्यांनी स्वतः हात लावला होता त्या मुलांनी सॅलड सुमारे ७६ टक्के जास्त खाल्लं! चिकनही सुमारे २७ टक्के जास्त. अर्थात, हुरळून जाऊ नका. मुलं थोडी होती, जेवण एकच होतं, आणि मुलांनी एकूणच जास्त खाल्लं होतं. शिवाय हे संशोधन एका मोठ्या अन्न-कंपनीच्या संशोधन केंद्रात झालेलं. पण ज्यांच्या घरात मूल आहे त्यांना यातलं मर्म ओळखीचं वाटेल. ‘ही कोशिंबीर मी केलीये’ म्हटल्यावर तिची चव बघावीच लागते!

इथे एक पथ्य मात्र पाळायचं. “तूच केलंयस ना, मग आता संपव!” हे वाक्य बोलायचं नाही. काम केल्याचा मोबदला म्हणून शिक्षा मिळाली तर पुढच्या रविवारी कोण येईल? चव घेतली, नाही आवडली, ठीक आहे. बाबांना वाढ, आजीला वाढ. आपण केलेलं दुसरा माणूस आवडीनं खातोय हे बघण्यातही एक जेवण होतंच.

मुहूर्त कुठला?

मंगळवारी रात्री साडेआठला, तुम्ही दमलेल्या आणि मूल भुकेलेलं, अशा वेळी ‘चल बाळा, आपण पिझ्झा करू’ म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मुहूर्त शनिवार-रविवारचा, नाश्ता उरकल्यानंतरचा. पोट भरलेलं, डोकं शांत. वेळ एक तास, त्याहून जास्त नको. आणि पदार्थ असा निवडायचा की ज्याच्यावर दुपारचं जेवण अवलंबून नाही. बिस्किटं बिघडली तर हसता येतं, आमटी बिघडली तर सगळेच उपाशी!

सुरू करण्याआधी सगळं सामान मोजून, मांडून ठेवा. मैद्याचा डबा शोधायला तुम्ही वरच्या फळीकडे वळलात की तेवढ्यात खाली काय घडेल याचा भरवसा नाही. मूल ओट्यापर्यंत पोहोचत नसेल तर डुगडुगणाऱ्या स्टुलावर उभं करू नका. सरळ जमिनीवर बैठक मारा. जुनी चादर, मधोमध परात, भोवती मंडळी. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच दिवाळीचा फराळ करत आल्या. पडायची भीती नाही, सांडलं तर चादर झटकली की झालं.

कुणाला काय झेपतं?

वयाचा आकडा ढोबळ आहे. आपलं मूल आपल्याला जास्त ठाऊक. तरी साधारण अंदाज असा:

दोन-तीन वर्षं: कोथिंबीर आणि मेथी निवडणं, बटाटे-टोमॅटो धुणं, कोबीची पानं फाडणं, वाटीतून वाटीत ओतणं. धुण्याचं काम हमखास हिट, पाण्यात हात घालायची अधिकृत परवानगी!

चार-पाच वर्षं: उकडलेला बटाटा कुस्करणं, लाडू वळणं, पीठ चाळणं, भेळ कालवणं. लोणी लावायच्या बोथट सुरीने केळं आणि पनीर कापणं. मटार सोलणं.

सहा ते आठ वर्षं: मापं घेणं, कृती मोठ्यानं वाचून दाखवणं, कणीक भिजवणं, पोळी लाटणं (नकाशे चालतील!), लिंबू पिळणं, अंडं फोडणं. काकडी किसायला द्यायची तर शेवटचा दोन बोटं तुकडा आपण किसायचा, म्हणजे बोटं वाचतात.

नऊच्या पुढे: मोठं माणूस शेजारी उभं असताना गॅस. पोहे, ऑम्लेट, डोसा. धारदार सुरी कशी धरायची, चिरताना डाव्या हाताची बोटं आत कशी दुमडायची, हे नीट शिकवून. डावखुरं मूल असेल तर उलट.

एक लक्षात ठेवा, काम छोटं चालेल, पण खोटं नको. आपल्याला लागणारच नाही अशी कणकेची गोळी हातात देऊन ‘तू तिकडे खेळ’ हे मुलांना लगेच कळतं. त्याच्याऐवजी ‘आज पोळ्यांना पिठी तू लावून द्यायचीस’ म्हणून बघा. ऐटच बदलते.

या रविवारचा बेत: नानकटाई

बेकिंगची सुरुवात करायला आपल्या नानकटाईसारखी दुसरी गोष्ट नाही. अंडं नाही, यीस्ट नाही, नाजूक आयसिंग नाही. हातानं मळायचं, हातानं वळायचं. पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचं तूप, साखर, मैदा डब्यात घालून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचे आणि भट्टीतून भाजून आणायचे. तुमच्या आईला विचारा, तो डबा घेऊन रांगेत कोण उभं राहायचं. बहुतेक घरांत उत्तर एकच - पोरंटोरं!

थोडा उत्साह असेल तर तयारी आठवडाभर आधी सुरू करा. दुधावरची साय रोज फ्रिजमध्ये साठवायची. शुक्रवारी रात्री तिला चमचाभर दह्याचं विरजण. शनिवारी सकाळी ती रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत घाला, थोडं गार पाणी, झाकण घट्ट. आणि द्या मुलांच्या हातात. हलवा! दहा-पंधरा मिनिटं, आळीपाळीनं, गाणी लावून. आधी डचमळ आवाज येतो, मग बरणी जड झाल्यासारखी वाटते, आणि अचानक आत गोळा आपटल्याचा आवाज. लोणी आलं! त्या वेळी मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. पिशवीतून आलेल्या दुधातून लोणी आपण काढलं, ही जादू कुठल्याच वर्कशॉपमध्ये मिळत नाही. लोणी कढवण्याचं काम अर्थातच मोठ्यांचं. तूप कमी पडलं तर डब्यातलं मिसळा, कुणी तक्रार करणार नाही.

साहित्य: मैदा १ वाटी, बेसन पाव वाटी, रवा २ चमचे, पिठीसाखर अर्धी वाटी, घट्ट (वितळलेलं नव्हे) साजूक तूप अर्धी वाटी, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ, वर लावायला पिस्त्याचे काप. सगळ्याला वाटी एकच वापरायची.

कृती, कामाच्या वाटणीसकट: छोट्या भावंडानं मैदा, बेसन आणि बेकिंग पावडर एकत्र चाळायची. मोठ्यानं परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायची, रंग पांढुरका आणि मिश्रण हलकं होईपर्यंत. यालाच बराच वेळ लागतो, म्हणून हात दुखला की पाळी बदलायची. मग त्यात चाळलेलं पीठ, रवा, मीठ आणि वेलची घालून हलक्या हातानं गोळा करायचा, जोर लावून मळायचं नाही. मिश्रण फारच कोरडं वाटलं तर चमचाभर तूप आणखी. लिंबाएवढे गोळे वळून किंचित चपटे करायचे, वर पिस्ता दाबायचा. ट्रेमध्ये अंतर सोडून मांडायचे, कारण भाजताना ते पसरतात. आधी दहा मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. खालची बाजू फिकट सोनेरी झाली की काढायचं. ट्रे आत-बाहेर करण्याचं काम फक्त मोठ्यांचं.

ओव्हन नाही? हरकत नाही. जाड बुडाच्या कढईत तळाला मिठाचा जाडसर थर, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायचं. मग नानकटाईची ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कुकर वापरणार असाल तर शिटी आणि रिंग काढून.

बाहेर काढल्यावर नानकटाई मऊ लागते. ‘बिघडली’ म्हणून लगेच परत आत ढकलू नका. गार झाली की खुसखुशीत होते. ही दहा मिनिटं थांबणं हा मुलांसाठी आख्ख्या रेसिपीतला सगळ्यात अवघड भाग असतो, आणि कदाचित सगळ्यात उपयोगाचाही!

‘का?’ला घाबरू नका

मुलं हाताला कामाला लागली की तोंडानं प्रश्न सुरू होतात. वैतागू नका, स्वयंपाकघरात गणित आणि विज्ञान अगदी हाताशी असतं. आमच्या ओळखीतल्या एका सहा वर्षांच्या पठ्ठ्यानं ‘बेसन पाव वाटी’ ऐकून विचारलं, “वाटीत पाव कशाला घालायचा?” त्याच्या आईनं शांतपणे छोट्या वाटीनं चारदा बेसन ओतून मोठी वाटी भरून दाखवली. अपूर्णांकाचा पहिला धडा, वहीशिवाय!

फुलका का फुगतो? आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पोळीचे दोन पदर सुटतात आणि ती टम्म फुगते. पोळीला भोक पडलं की ती का फुगत नाही, हे मग मूल स्वतःच सांगतं.

बेकिंग पावडर काय करते? चमचाभर खायच्या सोड्यावर लिंबू पिळून दाखवा. फसफस! हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, सोडावॉटरमध्ये असतात तेच. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट पदार्थ दोन्ही कोरडे एकत्र असतात, ओलावा आणि उष्णता मिळाली की कामाला लागतात. म्हणूनच डब्यात ओला चमचा घालायचा नाही. बघा, जी सूचना रोज ओरडून सांगावी लागते, ती एका लिंबानं पटते.

सेफ्टी फर्स्ट!

मजा आपल्या जागी, पण काही नियमांना अपवाद नाही. एकदाच ठरवा, सगळ्यांनी पाळा.

- गॅस, गरम तेल आणि प्रेशर कुकर यांच्यापासून छोटी मंडळी हातभर लांब. तव्याचा, पातेल्याचा दांडा कायम आत वळवलेला.
- मिक्सरचं बटण मुलांनी दाबायचं ते झाकणावर आपला हात असतानाच. भांडं काढण्याआधी प्लग बाहेर.
- मिरचीला हात लावला तर साबणानं धुतल्याशिवाय डोळ्यांना नाही. लहानग्यांना मिरची द्यायचीच नाही.
- कच्चं पीठ आणि कच्चं अंडं चाटायचं नाही. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला होऊ शकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कच्चं पीठही निर्धोक नसतं. अमेरिकेत २०१६ मध्ये गव्हाच्या कच्च्या पिठातून ई. कोलायची लागण झाली होती. मग परात चाटायची हौस? नानकटाईत सोय आहे. तूप-साखर फेसून झाली, की मैदा घालण्याआधी प्रत्येकाला एक बोट!
- पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती आख्खे दाणे, काजू, फुटाणे, पॉपकॉर्न नको, घशात अडकतात. मटार सोलतानाही लक्ष हवं. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.
- भाजलंच तर? लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल तर तडक डॉक्टर.

आणि बाबा कुठे आहेत?

आता जरा अवघड विषय. आतापर्यंत हा लेख वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर परातीपाशी कोण बसलेलं होतं? आई? आणि पीठ चाळणारी ती मुलगी? भातुकलीतही असंच असायचं. मुली स्वयंपाक करायच्या आणि मुलगे पाहुणे म्हणून जेवायला यायचे.

हा खेळ पुढे किती लांब चालतो ते २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना धरून, दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या महिला ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. जे काम करतात त्यांचाही वेळ बघा. बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुष ९७. २०२४च्या सर्वेक्षणातही हे चित्र फारसं हललेलं नाही.

तुमच्या ऑफिसात दोघंही सारखाच पगार घेत असतील, सारख्याच डेडलाइन्स सांभाळत असतील. पण ज्याला पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा कुकर लावायची वेळ येते, तो कामावरून आल्यावर सोफ्यावरच बसणार. त्याला आळशी म्हणून काय उपयोग? सहाव्या वर्षी परात त्याच्यासमोर कुणी ठेवलीच नव्हती. शिक्षणाला-नोकरीला पुणे, बंगळुरू, टोरांटो गाठल्यावर व्हिडिओ कॉलवर “आई, डाळीत पाणी किती?” विचारणारे मुलगे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुलीही असतात त्यात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण स्वतःच्या जेवणाची सोय करता येणं हे पोहता येण्यासारखं आहे. लहानपणी शिकलं की विसरत नाही, आणि मोठेपणी शिकायला जरा धीर लागतो.

म्हणून मुलगा असेल तर त्याला आवर्जून बसवा. आणि बाबा लोकहो, तुम्ही फोटो काढायला नाही, नानकटाई वळायला या! मूल ऐकून शिकत नाही, बघून शिकतं. रविवारी बाबा परातीत हात घालताना दिसला की ‘हे कुणाचं काम’ हा प्रश्न त्या घरात पुढे विचारावा लागत नाही. बाबांना येत नसेल तर अजूनच उत्तम. दोघं शिकाऊ एकत्र!

पसाऱ्याचं काय?

होणारच. मैदा केसांत जाणार, साखर पायाखाली करकरणार. त्यावर उपाय दोन. पहिला, आवरणं हा रेसिपीचाच शेवटचा टप्पा, हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाकायचं. ‘नानकटाई ओव्हनमध्ये गेली की आपण पुसायला घ्यायचं’ असं म्हटलं की भाजायची पंधरा मिनिटं सत्कारणी लागतात. छोट्याला ओलं फडकं, मोठ्याला केरसुणी. नीट होणार नाही. तुम्ही नंतर गुपचूप पुन्हा पुसा, मुलांच्या देखत मात्र नको.

दुसरा उपाय जरा कठीण. आपल्या हातांना आवर घालायचा! वाकडी झालेली नानकटाई पटकन गोल करून द्यायला आपली बोटं शिवशिवतात. नका करू. ट्रेमध्ये एक हत्ती, दोन चपटे दगड आणि एक ‘ही आजीसाठी’ असं काहीतरी असू द्या. सगळ्या सारख्या गोल नानकटाया बेकरीत किलोवर मिळतात.

डबा भरला की मात्र एक करा. सोमवारी ऑफिसला नेताना चार नानकटाया टिफिनमध्ये टाका आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या सांगा, कुणी खाल्ली, कुणी दुसरी मागितली, हत्ती कुणाच्या वाट्याला आला. त्या छोट्या शेफला वर्कशॉपच्या सर्टिफिकेटपेक्षा हे लाखमोलाचं वाटेल. पुढच्या रविवारी सकाळी तुम्हाला उठवायला कोण येईल आणि काय विचारेल, ते वेगळं सांगायला नकोच. उत्तर तेवढं तयार ठेवा - “हो, कर. हात धुऊन ये!”